मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष: तीनशे जणांच्या वर्गात अभ्यास कसा करता आणि ओळखी कशा होतात?

पाचवी_रांग

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी एका मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे, मोठ्या म्हणजे खरंच मोठ्या, एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जायला मधला ब्रेक पुरत नाही आणि दुसऱ्या लेक्चरला निम्मी पोरं कायम धापा टाकत येतात. याआधी जिथे शिकले तिथे वर्गात तीसेक जण, सर सगळ्यांना नावानिशी ओळखायचे, एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी विचारणा व्हायची. इथे फिजिक्सला तीनशेच्या वर मुलं असतात, प्रोफेसर माईक लावून बोलतात, स्लाईड सरकत राहतात आणि तास संपला की हॉल दोन मिनिटांत रिकामा. मी महिनाभर आले नाही तरी कोणाला पत्ता लागणार नाही, हे आधी भारी वाटायचं, आता जरा भीतीच वाटते.

मिडटर्मला मार्क सरासरीच्या खाली आलेत. नापास नाहीये पण ज्या विषयात मी कायम पुढे असायचे त्यातच हे झालं म्हणून जास्त लागलंय. अभ्यास केला नव्हता असंही नाही, सगळ्या लेक्चरची रेकॉर्डिंग पुन्हा बघितली होती, स्लाईड दोनदा वाचल्या होत्या, पेपर हातात आला तेव्हा सगळं ओळखीचं वाटत होतं आणि तरी लिहिता येईना.

आणि दुसरं म्हणजे माणसं. ग्रुपवर साडेतीनशे मेंबर आहेत, दिवसभर मेसेज चालू असतात, पण समोरासमोर कोणाशी बोलायला जावं तर ज्याच्या त्याच्या कानात इअरफोन. तुमच्यापैकी जे मोठ्या युनिव्हर्सिटीत शिकलेत किंवा शिकताहेत त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं? कुठे काय केलं म्हणजे फरक पडतो? "सगळं ठीक होईल" सोडून काहीही चालेल, ते घरून रोज ऐकते.

---

दीडपट_स्पीड

तीनशेच? मजा आहे तुझी. आमचा एक कोर्स दोन हॉलमध्ये चालायचा, एका हॉलमध्ये प्रोफेसर आणि दुसऱ्यात प्रोफेसरांचा पडदा, आणि आमची बॅच कायम पडद्यावाली. एकदा ते लिफ्टमध्ये शेजारी उभे होते, मी चौथ्या मजल्यापर्यंत विचार करतोय या माणसाला कुठेतरी बघितलंय.

जोक सोड, पण ट्युटोरिअलला जातेस का? जात नसशील तर आधी ते सुरू कर. लेक्चर एकवेळ चुकलं तर चालतं, ट्युटोरिअल नाही. तिथे वीस-पंचवीस जणच असतात, दर आठवड्याला तेच चेहरे, आणि प्रश्न तिथेच सोडवले जातात. बाकी मोठे लोक सांगतीलच सविस्तर.

---

गठ्ठा_तपासणारा

मी पीएचडी करतोय आणि गेली काही वर्षं पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचा टीए (टीचिंग असिस्टंट) आहे, म्हणजे तुझ्यासारख्यांचे पेपर तपासणारा मीच. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तू लिहिलंयस ना, सगळं ओळखीचं वाटत होतं पण लिहिता येईना, सगळी गोम तिथेच आहे. एक उदाहरण देतो. उतारावर ठेवलेला ठोकळा, घर्षण काढा, हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, आणि दरवर्षी गठ्ठ्यात तीच चूक ढिगाने सापडते, नॉर्मल फोर्स, म्हणजे पृष्ठभाग ठोकळ्याला काटकोनात ढकलतो तो जोर, सरळ एमजी, म्हणजे ठोकळ्याचं अख्खं वजन, लिहून मोकळे. उतार आहे म्हटल्यावर तो एमजी कोसाइन थीटा होतो (थीटा म्हणजे उताराचा कोन), हे लेक्चरमध्ये सांगितलेलं असतं, स्लाईडवर लाल चौकटीत असतं, आणि याच मुलांना व्याख्या विचारली तर धडाधडा सांगतात. पण कोरा कागद, आकृती स्वतः काढायची, बाण स्वतः दाखवायचे, हे परीक्षेच्या आधी एकदाही केलेलं नसतं. रेकॉर्डिंगमध्ये आकृती प्रोफेसर काढतात आणि आपण मान डोलावतो.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, २००६ सालचा, रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेला. मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आणि गंमत म्हणजे पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाटत होता. म्हणजे "आपल्याला येतंय" असं आतून वाटणं हा फार बेभरवशाचा प्रकार आहे. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांतही असंच काहीसं दिसलं, जिथे मुलांना स्वतः प्रश्न सोडवायला लावले तिथे शिकणं जास्त झालं पण मुलांचं स्वतःचं म्हणणं की गुळगुळीत लेक्चरमध्ये जास्त कळलं. गुळगुळीत लेक्चर आवडतंच हो, मलाही आवडतं.

म्हणून रेकॉर्डिंग दोनदा बघू नको. एकदा बघ, बंद कर, कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिही, मग जिथे अडलं तेवढंच परत बघ. आणि मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून, उत्तरं न बघता. सुरुवातीला जाम कंटाळवाणं वाटेल आणि आपण मठ्ठ आहोत असंही वाटेल, ते वाटणं या पद्धतीत येतंच.

आता तासांचा हिशोब, कारण हा पहिल्या वर्षाला कोणी धड सांगत नाही. क्रेडिट म्हणजे फक्त मार्कशीटवरचा आकडा नव्हे, त्यामागे वेळ धरलेला असतो. अमेरिकन पद्धतीत ढोबळमानाने एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर असं गृहीत धरतात, म्हणजे पंधरा क्रेडिट घेतले की आठवड्याचे पंचेचाळीस तास. युरोपात वर्षाचे साठ क्रेडिट आणि एकेक क्रेडिट पंचवीस ते तीस तासांचं. कुठल्याही पद्धतीने बघ, वर्गात बसणं हा कामाचा छोटा भाग निघतो. शाळेत हे उलटं असतं, सहा तास वर्गात आणि घरी तासभर, आणि पोरं तोच हिशोब डोक्यात घेऊन इथे येतात. वेळापत्रकात मोकळे तास दिसतात ते मोकळे नसतात.

ऑफिस अवर्सबद्दल पण बोलायचंय. मी आठवड्याला दोन तास दार उघडं ठेवून बसतो, तीनशे जणांतून येतात तीन-चार आणि तेही बहुतेक तेच ते, ज्यांना तशी गरजच नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र कॉरिडॉरमध्ये रांग, आणि तेव्हा एकाला पाच मिनिटं मिळतात. न येण्याचं कारण विचारलं की म्हणतात प्रश्न फालतू आहे असं वाटलं. अरे बाबांनो, फालतू प्रश्नांसाठीच आम्हाला बसवलंय. फक्त "मला हा चॅप्टरच कळला नाही" असं म्हणत येऊ नका, त्यावर मी काय बोलणार. सोडवायचा प्रयत्न केलेला कागद आणा, खाडाखोड असली तरी चालेल, मला खाडाखोडीतूनच कळतं गाडी कुठे घसरली.

---

जिन्याजवळची_खोली

वरच्यांनी अभ्यासाचं छान लिहिलंय, मी माणसांचं लिहिते. माझं शिक्षण संपून बरीच वर्षं झाली पण पहिलं सेमिस्टर अजून आठवतं, ओरिएंटेशनच्या दिवशी एवढ्या लोकांशी हात मिळवले आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एकही नाव लक्षात नव्हतं. ओरिएंटेशन, मोठाले कार्यक्रम, क्लबांचे स्टॉल या सगळ्यावर फार जीव टाकू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे माणसं दिसतात, भेटत नाहीत.

ओळख वाढते ती वारंवार समोर आल्याने, आणि याला आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीच्या कॅम्पसवर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती, तिथे फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक यांनी कोण कोणाचा मित्र झाला याचा अभ्यास केला, १९५० मध्ये पुस्तक निघालं. लोकांना घरं स्वतः निवडता आली नव्हती, जे मिळालं ते घेतलं. तरी मैत्री जमली ती भिंतीला भिंत असलेल्यांशी, एकाच मजल्यावर सख्ख्या शेजाऱ्याला ४१ टक्के लोकांनी जवळचा मित्र म्हटलं आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला जेमतेम १० टक्क्यांनी. आणि खालच्या मजल्यावर जे जिन्यापाशी राहायचे त्यांच्या वरच्या मजल्यावर पण ओळखी, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर. (माझ्या आयडीचं नाव आता कळलं असेल. मला होस्टेलमध्ये जिन्याजवळची खोली मिळाली म्हणून मी वर्षभर आवाजाच्या नावाने बोंब मारत होते, पण माझ्या आजच्या सगळ्या मैत्रिणी त्याच जिन्यावरच्या.)

दुसरा एक अभ्यास कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या जेफ्री हॉल यांचा, त्यात नव्याने आलेले पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. त्यांच्या हिशोबाने नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण पन्नास तास एकत्र घालवावे लागतात, चांगला मित्र व्हायला नव्वदच्या आसपास आणि अगदी जिवलग व्हायला दोनशेच्या वर. आता तूच बघ, सेमिस्टर सुरू होऊन किती झालंय आणि कोणाबरोबर एकूण पन्नास तास झालेत तुझे? झालेच नसणार. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, तास भरले नाहीत म्हणून. आणि वर्गात शेजारी गप्प बसण्याचे तास फारसे मोजले जात नाहीत बरं का, निवांत एकत्र वेळ घालवावा लागतो.

त्यामुळे माझं सांगणं एवढंच, असं काहीतरी धर जे दर आठवड्याला ठरल्या वेळी, ठरल्या जागी, त्याच दहा-पंधरा लोकांबरोबर होतं. नाटकाचा ग्रुप असो, ट्रेकिंग असो, कॅम्पस रेडिओ असो, मला तर गाता येत नसताना मी कॉयरमध्ये मागच्या ओळीत उभी राहायचे. वर्षातून एकदा भव्य कार्यक्रम करणारे क्लब टाळ, त्यात पोस्टर चिकटवायलाच घेतात. आणि लेक्चरला रोज त्याच जागेवर बस! तुझं नावच पाचवी रांग आहे म्हणजे बसतच असशील. शेजारचाही रोज तिथेच बसतो, महिनाभर झाला की "मागच्या वेळचं शेवटचं समीकरण उतरवलंस का" एवढं विचारायला काही लागत नाही.

---

अनोळखी_बरा

मी जरा उलट बोलतो, रागावू नका. मी लहान कॉलेजमधूनच आलो होतो आणि तिथे सगळ्यांना सगळं माहीत असायचं, कोण कोणाशी बोललं, कोणाला किती मार्क पडले, कोणी कुठला शर्ट घातला. मोठ्या युनिव्हर्सिटीत आल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. कोणी ओळखत नाही ही सोय आहे हो. विषय बदलायचा म्हटलं तर चर्चा नाही, एकट्याने जेवायला बसलो तर कोणी विचारत नाही काय झालं म्हणून.

आणि मोठ्या जागेची म्हणून जी चैन असते ती बहुतेक जण वापरतच नाहीत. आपल्या कोर्सची फी भरली म्हणजे आपला कोर्स एवढंच, असं धरून चालतात. मी इंजिनिअरिंगला असताना भाषाशास्त्राच्या लेक्चरला जाऊन मागे बसायचो, पहिल्या दिवशी प्रोफेसरांना विचारलं बसू का, त्या म्हणाल्या बस, फक्त मधून उठून जाऊ नकोस. अडीचशे लोकांत एक जास्त झाला तर कोणाचं काय जातं. तसंच लायब्ररीचं. सगळे जण ग्राउंड फ्लोअरवर प्लगजवळच्या टेबलासाठी मारामारी करतात, आणि आमच्याकडे तळघरात जुने नकाशे ठेवलेली एक खोली होती, हिरव्या कापडाची लांब टेबलं, पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल, आणि एक लायब्ररियन ज्यांना कोणी आलं की इतका आनंद व्हायचा की विचारल्याशिवाय दोन-चार नकाशे काढून दाखवायचे. मी तिथे फक्त शांतता म्हणून अभ्यासाला जायचो, वर्षाअखेरीला मला नकाशांची प्रक्षेपणं समजायला लागली होती, ज्याचा माझ्या डिग्रीशी काडीचा संबंध नाही. लायब्ररियन लोकांना विचारायची लाज बाळगू नका, आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात हे अर्ध्या पोरांना शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नसतं.

बाकी प्रोफेसर ओळखत नाहीत म्हणून जे रडतात त्यांच्यासाठी. इटलीतली बोलोन्याची युनिव्हर्सिटी, जिची सुरुवात १०८८ मानतात, तिथे मध्ययुगात सगळा कारभार पोरांच्या हातात होता. लांबून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलखाप्रमाणे संघ केले होते, प्रोफेसरांना पैसे तेच द्यायचे, आणि प्रोफेसर उशिरा आले किंवा घंटा झाल्यावरही बोलत राहिले तर दंड. ते दिवस परत यावेत अशी माझी फार इच्छा आहे, विशेषतः घंटेनंतर बोलत राहण्याबाबत.

---

गठ्ठा_तपासणारा

@अनोळखी_बरा दंडाची कल्पना आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणाला सांगू नका, टीएंपासून सुरुवात होईल.

पण तुमच्या मुद्द्यात एक पाचर मारतो. तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं ते ठीक, पण गळणारी मुलं याच फटीतून गळतात. पहिल्या वर्षाला जो येईनासा होतो त्याचा कोणाला पत्ता नसतो, आमच्या यादीत तो फक्त एक रोल नंबर. आणि तो बहुतेक वेळा हुशार असतो, एका पेपरात आपटतो आणि "ही जागा आपली नाही" असं मनात घेऊन बसतो. यावरही काम झालंय, वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये छापलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना सिनिअर मुलांचे अनुभव वाचायला दिले, की आम्हालाही सुरुवातीला उपरं वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं, हळूहळू जातं. तासाभराचा प्रकार. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे, म्हणजे ज्यांना ते उपरेपण सगळ्यात जास्त टोचत होतं त्यांचे, मार्क सुधारले. तेव्हा पाचवी_रांग, मार्क सरासरीच्या खाली आले याचा अर्थ एवढाच की तीनशे जणांत निम्म्यांच्या आसपास लोक तुझ्याबरोबर आहेत. सगळे आपापल्या जुन्या वर्गात पहिले होते.

---

पाचवी_रांग

बापरे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. @गठ्ठा_तपासणारा सर, उताराचा ठोकळा वाचून मी माझा पेपर काढून बघितला. नॉर्मल फोर्स = एमजी. काय बोलू.

@जिन्याजवळची_खोली ताई, मी पाचव्या रांगेत डावीकडे बसते आणि शेजारी एक मुलगी असते जी प्रत्येक लेक्चरला वेगळ्या रंगाच्या पेनने लिहिते, काल तिला समीकरण विचारलं, तिनेही उतरवलं नव्हतं, मग दोघींनी पुढच्या मुलाला विचारलं आणि त्याचं अक्षर असं की तिघांनी मिळून तर्क केला. पन्नासातले दहा मिनिटं जमा.

एक शेवटचा प्रश्न. ट्युटोरिअलच्या वेळेला माझं दुसऱ्या बिल्डिंगमध्ये लॅब असतं, क्लॅश होतोय, दुसऱ्या गटात बदलून घ्यायचंय. प्रोफेसरांना मेल टाकला होता, दहा दिवस उत्तर नाही. परत टाकला तर चिडतील का? आणि लिहायचं तरी कसं, मी तर पहिल्या मेलमध्ये आधी आजारी होते ते, मग लॅबचं, मग मिडटर्मचं असं सगळंच लिहिलं होतं.

---

गठ्ठा_तपासणारा

सर नको गं, मी पण विद्यार्थीच आहे, फक्त जास्त वर्षं अडकलेला.

चिडत नाहीत, मेल खाली गेला असणार. आणि गट बदलणं बऱ्याच ठिकाणी प्रोफेसरांच्या हातात नसतंच, ऑफिस किंवा कोर्स कोऑर्डिनेटर बघतो, सिलॅबसच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, तिथे आधी बघ. त्यांना मेल कर आणि प्रोफेसरांना कॉपीत ठेव. विषयाच्या ओळीत कोर्सचा कोड, तुझा गट आणि "गट बदलण्याची विनंती" एवढंच, "महत्त्वाचे" "अर्जंट" वगैरे नको, सगळेच लिहितात. आत चार ओळी: मी अमुक, रोल नंबर अमुक, सध्या अमुक गटात, त्याच वेळी अमुक लॅब आहे. अमुक किंवा अमुक गटात जागा असेल तर बदलून मिळेल का. दोन पर्याय तूच शोधून दे, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं राहतं, शोधायचं काम पडलं की मेल बाजूला पडतो. लॅबचं वेळापत्रक जोड. आजारपण, मिडटर्म काही नको.

---

दीडपट_स्पीड

आणि दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर सरळ ऑफिसच्या खिडकीवर जा, सकाळी उघडल्या उघडल्या, दुपारी रांग असते. मेलची प्रिंट घेऊन जा. खिडकीतले लोक प्रिंट बघितली की पाच मिनिटांत करून देतात, का ते मला विचारू नको.

---

पाचवी_रांग

प्रिंट काढली. लॅब सुटल्यावर ट्युटोरिअलचा शेवटचा अर्धा तास मिळतो, गट बदलेपर्यंत तिथे जाऊन मागे उभी राहीन, टीएंना विचारलंय, ते म्हणाले ये.